दुष्काळात बाप्तिस्मा बंद

पोप लिओ चौदावे यांचं 'दिलेक्सी ते' हे गरिबांवरचं पत्र ऑक्टोबर २०२५मध्ये आलं, आणि त्याच्याबरोबर चर्चमधला जुना प्रश्नही वर आला. आधी सुवार्ता की आधी सेवा? जुना म्हणजे किती, तर 'प्रेषितांची कृत्ये'च्या सहाव्या अध्यायाइतका. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी वचनाचं काम स्वतःकडे ठेवलं आणि पंगतीचं सात जणांवर सोपवलं. १९७४च्या लोझान करारात प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी समाजकार्यही ख्रिस्ती कर्तव्यात धरलं खरं, पण पहिला मान सुवार्तेलाच दिला. कागदावर असा तोल साधता येतो.

ओंगोलला तो कागदावर नव्हता. आंध्रातल्या या गावी १८७६-७८च्या दुष्काळात अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं. भुकेल्यांना मजुरी मिळावी, एवढाच हेतू. त्यांत चामड्याचं काम करणारे, गावकुसाबाहेरचे मादिगा पुष्कळ होते. बाप्तिस्मा मागायला माणसं येऊ लागली, तर क्लाऊंनी तो बंदच ठेवला. तोही वर्षाहून अधिक काळ. पोटासाठी धर्म बदलला, हा डाग त्यांना नको होता. मदतीचं काम आटोपल्यावर दार उघडलं. ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला.

हा आकडा मिशनवाले अभिमानाने सांगतात, टीकाकार डोळे मिचकावून. दोघंही येर्रागुंट्ला पेरय्याला विसरतात. हा मादिगा माणूस दुष्काळाच्या दहा वर्षं आधीच ख्रिस्ती झाला होता आणि आपल्या लोकांत गावोगाव हिंडून बोलत होता. म्हणजे कालव्यावर आलेल्यांपैकी अनेकांच्या कानावर सुवार्ता आधीच गेली होती, आणि तीही आपल्याच माणसाच्या तोंडून. सुवार्ता आणि सेवा यांचं प्रमाण ठरवणाऱ्या चर्चेत गरीब नेहमी घेणाऱ्याच्या जागी बसवलेला असतो. तोही विचार करतो, तोही प्रचार करतो, हे त्या चर्चेत बसतच नाही. मला तर ती सगळी चर्चाच देणाऱ्यांची वाटते. घेणाऱ्याला हवं असतं ते एवढंच, की 'तुमचा देव नको' म्हटलं तरी मजुरी मिळावी.

ही कसोटी आपल्याकडे लावली की पंचाईत होते, कारण समोर ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई येतात. विधवा-मुलींसाठी त्यांनी चालवलेल्या शारदा सदनात धर्माची सक्ती नव्हती. रमाबाईंच्या प्रार्थनेचं दार मात्र उघडं असे आणि काही मुली आपणहून आत जाऊन बसत. एवढ्यावरून १८९३मध्ये पुण्यात वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. इथे मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. बाईने स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करावी, ही अपेक्षाच अजब होती.

केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनची गोष्ट निराळी. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या, त्यांना जगवलं, हाताला काम शिकवलं. हे मिशन उघडपणे ख्रिस्ती होतं आणि जाब विचारणारी पुण्याची मंडळी आता सोबत नव्हती. क्लाऊंचे मजूर खोदाई संपल्यावर आपापल्या गावी जाऊ शकत होते. केडगावच्या पोरक्या मुलींना परतायला घरच नव्हतं, आणि तिथे 'नको' म्हणायची मोकळीक त्यांना कितपत होती, हे रमाबाईंविषयीचा सगळा आदर ठेवूनही विचारावंच लागतं.