केस गळतात तेव्हा : टोपाची निवड आणि निगा

आजारपणात केस गमावण्याचे दुःख बोलून दाखविणे अवघड असते. शरीराची वेदना डॉक्टरांना सांगता येते, औषधाच्या खर्चाची काळजी घरात मांडता येते. परंतु 'माझे केस जात आहेत' असे म्हटले की 'जीव वाचतो आहे, हे काय थोडे झाले?' असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. केस जातील या भीतीने कर्करोगाचे उपचार पुढे ढकलले जातात. उपचार सुरू असताना मिस्साला, लग्नकार्याला, शेजारी जाणे बंद होते. अशा वेळी केसांचा टोप, ज्याला आपण विग म्हणतो, हा चैनीचा विषय राहत नाही. तो योग्य रीतीने निवडला आणि सांभाळला तर माणसाला माणसांत ठेवण्याचे साधन ठरतो. घाईने घेतला तर पैसा जातो आणि टोप कपाटात पडून राहतो. छत्रपती संभाजीनगर, जालना रस्त्यावरील करमाड आणि आसपासच्या गावांतील कुटुंबांना उपयोगी पडेल अशा दृष्टीने येथे काही माहिती देत आहोत.

केस जाणे इतके जिव्हारी का लागते?

आपल्या समाजात स्त्रीच्या केशहीन मस्तकाला जुना आणि कठोर अर्थ आहे. विधवांच्या केशवपनाची रूढी महाराष्ट्रात दीर्घकाळ चालली. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, तेव्हा त्या रूढीवर मोठा आघात झाला. रूढी गेली, तरी उघड्या डोक्याकडे पाहण्याची नजर पुरती बदलली असे नाही. पुरुषाचे टक्कल थट्टेचा विषय होते, स्त्रीचे टक्कल कुजबुजीचा.

अलीकडचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत अवघ्या काही दिवसांत अनेकांचे केस गळून टक्कल पडले. १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमचे जादा प्रमाण हे कारण असल्याचा आपला निष्कर्ष मांडला. बहुतेकांचे केस पुन्हा उगवू लागले. परंतु मधल्या काळात तरुण-तरुणींना महाविद्यालयात जाणे नकोसे झाले आणि ठरत आलेल्या विवाहांतही अडथळे आले, अशा बातम्या प्रसिद्ध झाल्या. शरीराची हानी काही आठवड्यांची होती. मनाला आणि नात्यांना पोहोचलेली झळ त्याहून मोठी होती.

आधी कारण, मग टोप

केस का गेले हे कळल्यावाचून टोप विकत घेऊ नये. विषमज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा तीव्र ताप यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस विरळ होतात आणि बहुधा सहा महिन्यांच्या आत गळती आपोआप थांबते. चाई पडली असेल तर गोल चकत्यांतील केस जातात; ते कधी परत येतात, कधी पुन्हा जातात. भाजल्यामुळे किंवा त्वचेवर व्रण पडून केसांची मुळेच नष्ट झाली असतील, तर तेथे केस परत येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ हा भेद सांगू शकतात.

कर्करोगावरील केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करते. केसांच्या मुळांतील पेशीही तशाच वेगाने वाढत असल्यामुळे त्या सापडतात. मात्र सर्वच औषधांनी केस जात नाहीत. म्हणून 'माझ्या औषधाने केस जातील काय?' हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा. ज्या औषधांनी जातात, त्यांत पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी गळती सुरू होते. उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत नवे केस दिसू लागतात आणि महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात. प्रथम ते कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येऊ शकतात. डोक्यावर रेडिएशन दिले असेल तर त्या भागातील केस कधीकधी कायमचे जातात.

या हिशेबावरच खर्चाचा निर्णय अवलंबून असतो. आठ-दहा महिन्यांची गरज असेल तर महागडा टोप कर्ज काढून घेण्याचे कारण नाही. गरज कायमची असेल तर जरा अधिक पैसे घालून टिकाऊ वस्तू घेणे शहाणपणाचे ठरते.

कृत्रिम की मानवी केसांचा?

कृत्रिम धाग्याचा टोप स्वस्त आणि वजनाला हलका असतो. धुतल्यावर त्याची ठेवण जशीच्या तशी राहते. रोज वापरल्यास तो साधारण चार ते सहा महिने चांगला टिकतो. उष्णता हा त्याचा शत्रू होय. मानवी केसांचा टोप अधिक नैसर्गिक दिसतो, त्याला हवे तसे वळण देता येते आणि नीट सांभाळल्यास तो वर्षभर किंवा अधिक चालतो. परंतु त्याची किंमत कृत्रिम टोपाच्या कित्येक पट असते आणि प्रत्येक धुण्यानंतर तो पुन्हा विंचरून बसवावा लागतो. उपचारापुरती गरज असणाऱ्या बहुतेकांना चांगल्या प्रतीचा कृत्रिम टोप पुरेसा होतो.

केसांइतकेच महत्त्व आतल्या टोपीला आहे. पट्ट्यांवर केस शिवलेली टोपी स्वस्त आणि हवेशीर असते, पण पूर्ण केशहीन त्वचेला तिच्या शिवणी टोचू शकतात. बारीक मऊ जाळीच्या टोपीवर केस एकेक करून गुंफलेले असतात. भांगातून त्वचा दिसल्यासारखी वाटते आणि टोचत नाही. ती महाग असते. केवळ भांगाच्या जागी आणि कपाळाच्या कडेला अशी जाळी असलेला टोप हा मधला मार्ग आहे. कोणताही टोप घेतला तरी आत घालावयास सुती पातळ टोपी अवश्य घ्यावी.

माप आणि निवड

शक्य असल्यास केस जाण्यापूर्वीच निवड करावी. कापलेल्या केसांची एक बट आणि दिवसाच्या उजेडात काढलेली समोरची, बाजूची व मागची छायाचित्रे जवळ ठेवावीत. रंग आणि ठेवण जुळविणे सोपे जाते. शिंप्याच्या टेपने तीन मापे घ्यावीत : कपाळावरील केसांच्या रेषेपासून कानांच्या वरून मानेच्या खाचेपर्यंत पूर्ण घेर, कपाळापासून मानेपर्यंत डोक्यावरून, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माथ्यावरून. प्रौढ व्यक्तीचा घेर बहुधा ५४ ते ५७ सेंटीमीटर असतो. केस गेल्यावर घेर किंचित कमी होतो, म्हणून मागे घट्ट-सैल करता येणारे पट्टे असलेला टोप घ्यावा.

दुकानात टोप घालून मान खाली वाकवावी, डोके हलवावे, थोडे चालून पाहावे. रंग दिव्याखाली नव्हे, दारात येऊन उजेडात पाहावा. दाट आणि लांब केसांचा मोह आवरावा. फार दाट टोपच खोटा दिसतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या उन्हात खांद्यापर्यंतचा किंवा आखूड, विरळ टोपच सोसवतो. घरात असताना टोप काढून मऊ सुती ओढणी किंवा रुमाल बांधावा. दुचाकीवर जाताना टोपावर हेल्मेट घातल्यास टोप सरकतो; म्हणून प्रवासात रुमाल बांधून हेल्मेट घालावे आणि टोप पिशवीतून न्यावा.

कोणता टोप घ्यावा, किंवा घ्यावाच की नाही, हा निर्णय ज्याचे केस गेले त्याचा असावा. सासूबाईंना बरे वाटावे किंवा पाहुण्यांनी विचारू नये म्हणून टोप लादला गेला, तर तो ओझे होतो. ओढणी, पदर, टोपी किंवा उघडे डोके हेही तितकेच मानाचे पर्याय आहेत. घरातील लहान मुलांना मात्र काय होणार आहे ते आधी सांगावे आणि टोप हाताळू द्यावा. त्यामुळे त्यांची भीती जाते.

धुणे आणि ठेवणे

कृत्रिम टोप साधारण आठ-दहा वेळा वापरल्यानंतर, तर मानवी केसांचा एक-दोन आठवड्यांनी धुवावा. उन्हाळ्यात घाम येत असल्याने थोडा लवकर. आधी रुंद दातांच्या फणीने टोकांपासून सुरुवात करून वरवर गुंता सोडवावा. बादलीत थंड किंवा कोमट पाणी घेऊन त्यात थोडा सौम्य शाम्पू मिसळावा. टोप त्यात काही मिनिटे बुडवून हलकेच हलवावा. चोळू नये, पिळू नये. स्वच्छ पाण्यातून काढून पंचात दाबून पाणी टिपावे. उपड्या ठेवलेल्या उंच डब्यावर किंवा स्टँडवर सावलीत वाळवावा. ऊन आणि केस वाळविण्याचे गरम यंत्र कृत्रिम टोपाला चालत नाही. पूर्ण वाळल्यावरच विंचरावा.

आपल्याकडील बोअरवेलचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. त्यातील क्षार धाग्यांवर साचून टोप राठ व निस्तेज होतो. शेवटचे धुणे तरी पिण्याच्या जारचे किंवा साठविलेले पावसाचे पाणी वापरून करावे. त्याला दोन-तीन लिटर पुरतात. रात्री टोप घालून झोपू नये. जाळीच्या पिशवीत घालून झाकणाच्या डब्यात ठेवला म्हणजे धूळ, झुरळे आणि उंदीर यांपासून सुरक्षित राहतो.

आगीपासून सांभाळा

ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. कृत्रिम धागा ज्योतीजवळ क्षणात वितळतो आणि पेटतोही. चुलीवर, गॅसवर किंवा तव्यासमोर काम करताना टोप काढून सुती रुमाल बांधावा. कुकरचे झाकण उघडताना येणाऱ्या वाफेनेही समोरचे केस आखडून जातात. मंदिरात वेदीजवळच्या मेणबत्त्यांपुढे वाकताना, आणि विशेषतः पास्का जागरणाच्या रात्री सर्वांच्या हातांत पेटत्या मेणबत्त्या असताना, अंतर राखावे. दाटीत मागच्या ओळीतील मेणबत्ती आपल्या डोक्याजवळ येते, हे ध्यानात घेऊन कडेची जागा निवडावी.

टोपाखालील त्वचा

डोक्याची त्वचा रोज सौम्य साबणाने धुऊन कोरडी करावी आणि डॉक्टरांनी सुचविलेले मलम हलकेच लावावे. केमोथेरपी सुरू असताना टोप चिकटविण्यासाठी गोंद किंवा चिकटपट्टी वापरू नये. त्या काळात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्याने लहान जखमही चिघळू शकते. त्वचेवर पुळ्या, पू किंवा वाढती लाली दिसली तर टोप काढून ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ऊन लागू नये म्हणून उघडे डोके झाकावे.

मदत कोठे मागावी?

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय असो वा मुंबईचे १९४१ मध्ये स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय, टोपाची निकड असल्यास तेथील वैद्यकीय समाजसेवकांना निःसंकोचपणे विचारावे. विनामूल्य टोप देणाऱ्या संस्थांची माहिती त्यांच्याकडे मिळू शकते. मुंबईतील 'कोप विथ कॅन्सर – मदत ट्रस्ट' या संस्थेने दान केलेल्या केसांचे टोप कर्करुग्णांपर्यंत पोहोचविले आहेत. केरळमधील त्रिशूर येथे कार्मेलाईट धर्मगुरूंच्या संस्थेने चालविलेल्या अमला रुग्णालयानेही केसदानातून रुग्णांना मोफत टोप दिले आहेत.

ज्यांना केसदान करावयाचे आहे त्यांनी आधी संस्थेशी बोलून नियम समजून घ्यावेत. सामान्यतः किमान बारा इंच लांबीचे, स्वच्छ धुतलेले आणि पूर्ण वाळलेले केस लागतात. कापण्यापूर्वी वेणी घालून दोन्ही टोके बांधावी लागतात. एका टोपासाठी अनेकांचे केस लागत असल्याने धर्मग्रामातील महिला मंडळाने किंवा युवक-युवतींनी एकत्र येऊन उपवासकाळात असा उपक्रम केला तर तो अधिक उपयोगी ठरेल.

आणि ज्यांना काहीच द्यावयाचे नाही, त्यांनी एवढे तरी करावे : टोप घातलेल्या भगिनीस 'हे खरे आहेत का?' असे विचारू नये, आणि ओढणी बांधून आलेलीकडे वळून पाहू नये. तिला नेहमीसारखी बाकावर जागा करून द्यावी. नवे केस पुरेसे वाढले की टोपाची गरज संपते. तो चांगल्या स्थितीत असेल तर स्वच्छ धुवावा, वाळवावा, आत घालावयाची नवी सुती टोपी सोबत ठेवावी आणि रुग्णालयातील समाजसेवकांना विचारून दुसऱ्या गरजूच्या हाती द्यावा.