सल्ला कोणाचा, कमिशन कोणाचे?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात कुटुंबाकडे मोठी रक्कम हळूहळू जमत नाही, ती एकदम येते. वेतन कराराची थकबाकी, निवृत्तीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी, व्हीआरएसचा चेक किंवा जमिनीचा मोबदला. 2007 मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीतले उत्पादन थांबवले, 2020 च्या डिसेंबरात तळेगावच्या जनरल मोटर्समधली असेंब्ली लाइन बंद झाली. अशा वेळी पन्नाशीच्या आतबाहेरच्या कामगारापुढे प्रश्न उभा राहतो, की हातात आलेल्या रकमेवर पुढची तीस वर्षे कशी काढायची? मोशी, चऱ्होली, महाळुंगे, खराबवाडीच्या जमीनमालकांचाही प्रश्न जवळपास तोच असतो.

रक्कम खात्यावर पडली की सल्ले देणारेही येतात. बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर, नात्यातला विमा एजंट, शिफ्ट संपल्यावर फंडाचे फॉर्म भरून घेणारा सहकारी. यातला प्रत्येक जण फसवणूक करतो असे नाही. पण यातला स्वतंत्र सल्लागार कोणता, हे ओळखता यायला हवे.

पैसे कोण देतो, ते पाहा

व्हेंडरकडून पगार घेणाऱ्या इन्स्पेक्टरने पास केलेला माल कोणतीही कंपनी डोळे झाकून लाइनवर घेत नाही. पैशाच्या सल्ल्यालाही हीच कसोटी लावावी.

विमा एजंटला विमा कंपनी कमिशन देते. पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा त्यात जातो. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला फंड कंपनी कमिशन देते आणि तुमची गुंतवणूक चालू आहे तोवर ते दरवर्षी मिळत राहते. वितरकाकडे ‘एआरएन’ क्रमांक असतो. तो विक्रीचा परवाना आहे, सल्लागाराची नोंदणी नव्हे.

तिसरा प्रकार सेबीकडे नोंदणी केलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा. सेबीचे 2013 चे नियम त्याला लागू होतात. तो फी फक्त तुमच्याकडून घेतो आणि तुमचे हित आधी पाहण्याचे कायदेशीर बंधन त्याच्यावर असते. वैयक्तिक नोंदणी असलेल्या सल्लागाराला फंड विकून कमिशन घेता येत नाही. सल्लागार संस्था असेल तर एकाच कुटुंबाला सल्ल्याची फी लावून वर विक्रीचे कमिशन तिला घेता येत नाही. असे नोंदणीकृत सल्लागार थोडे आहेत. 2024 मध्ये देशभरात त्यांची संख्या हजाराच्या आसपास होती. त्यामुळे निगडीत किंवा भोसरीतच माणूस मिळेल असे धरून चालू नका. बरेच सल्लागार व्हिडिओ कॉलवर काम करतात आणि त्याला हरकत नाही.

नोंदणी स्वतः तपासा

सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे नऊ आकडे असतात. ‘आयएनएच’ने सुरू होणारा क्रमांक रिसर्च अ‍ॅनालिस्टचा. तो शेअरबद्दल शिफारस करू शकतो, पण तुमच्या घराचे आर्थिक नियोजन हे त्याचे काम नव्हे.

व्हिजिटिंग कार्डावरचा क्रमांक पुरावा मानू नका. सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. तिथे क्रमांक टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे तिन्ही जुळवा. खऱ्या सल्लागाराचे नाव आणि क्रमांक चोरून व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर ग्रुप चालवणारेही असतात. म्हणून यादीतल्या ईमेलवर किंवा फोनवर स्वतः संपर्क करून खात्री करा.

2024 च्या डिसेंबरपासून दुसरा व्यवसाय असलेल्यांनाही अर्धवेळ सल्लागार म्हणून नोंदणी मिळू लागली आहे. तेव्हा ‘आणखी काय करता?’ हेही विचारावे.

फी किती आणि कशी?

फी दोन प्रकारे आकारता येते. पहिला प्रकार ठरावीक रकमेचा. तिची कमाल मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 1 लाख 51 हजार रुपये आहे. दुसरा प्रकार सल्ल्याखालच्या मालमत्तेच्या टक्केवारीचा. त्याची मर्यादा वर्षाला अडीच टक्के. ही मर्यादा आहे, चालू दर नव्हे. बहुतेक पगारदार कुटुंबांना ठरावीक फी सोयीची पडते, कारण रक्कम वाढली म्हणून फी आपोआप वाढत नाही.

‘फुकट सल्ला देणारे असताना फी कशाला?’ असा प्रश्न घरात येतोच. त्याचे उत्तर हिशेबात आहे. 2013 च्या जानेवारीपासून प्रत्येक फंडात ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ असे दोन प्लॅन असतात. रेग्युलरच्या खर्चात वितरकाचे कमिशन धरलेले असते. दोन्हींतला फरक पाऊण टक्का धरला, तर 40 लाखांच्या गुंतवणुकीवर वर्षाला 30 हजार रुपये होतात. ते वेगळे भरावे लागत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. उलट गुंतवणूक दोन-चार लाखांचीच असेल, तर वितरकामार्फत जाणे स्वस्त पडू शकते. आपल्या रकमेवर दोन्ही आकडे मांडून बघावेत.

फी चेकने, बँक ट्रान्सफरने किंवा यूपीआयने द्यावी, रोख देऊ नये. गुंतवणुकीचे पैसे सल्लागाराच्या खात्यावर कधीच जात नाहीत. ते थेट फंडाकडे, बँकेकडे किंवा ब्रोकरकडे जातात.

पहिल्या भेटीत काय विचाराल?

– फीशिवाय तुम्हाला दुसरीकडून काही मिळते का? हे लेखी द्याल का?
– विम्याची एजन्सी तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावर आहे का?
– माझ्यासारखी, म्हणजे व्हीआरएसची किंवा जमिनीच्या पैशाची, प्रकरणे तुम्ही हाताळली आहेत का?
– वर्षातून किती वेळा आढावा घेणार? फोनवर बोलणार ते तुम्ही स्वतः की कर्मचारी?
– करार मध्येच मोडला तर फी किती परत मिळेल?

त्याने तुम्हाला काय विचारले, हेही पाहा. कर्ज किती, मुलांची शिक्षणे कुठवर आली, गावाकडे आईवडिलांना पैसे पाठवावे लागतात का, आरोग्य विमा कंपनीचाच आहे की स्वतःचा, हे न विचारता थेट फंडाची नावे सांगणारा माणूस सल्लागाराचे काम करत नाही. तुमची जोखीम पेलण्याची ताकद तपासणे आणि लेखी करार करणे नियमानेच बंधनकारक आहे.

जमिनीच्या पैशात कराचा भाग मोठा असतो. काही रोख्यांत गुंतवून भांडवली नफ्यावरचा कर वाचवता येतो, पण त्याला सहा महिन्यांची मुदत असते. म्हणून सीए आणि सल्लागार या दोघांना सुरुवातीलाच एकत्र बसवावे.

कोणापासून लांब राहाल?

‘महिन्याला चार टक्के नक्की’ म्हणणाऱ्यापासून. बाजारातल्या गुंतवणुकीवर हमखास परताव्याचे आश्वासन देण्यास नोंदणीकृत सल्लागाराला मनाई आहे. तुमचा डीमॅटचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणाऱ्यापासून. ‘आजच निर्णय घ्या’ म्हणणाऱ्यापासून. आणि सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवा म्हणणाऱ्यापासूनही.

शेवटचा मुद्दा या शहराला नवा नाही. पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 10 ऑक्टोबर 2022 रोजी रद्द केला. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पण एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह 5 लाखांपर्यंतच. कामगार पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षणही नाही. दोन टक्के जादा व्याजासाठी व्हीआरएसची सगळी रक्कम पतसंस्थेत ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला हा फरक विचारा.

तक्रार कुठे करायची?

आधी सल्लागाराकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. 21 दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते. विम्याबाबत पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. ऑनलाइन पैसे गेले तर त्याच क्षणी 1930 वर फोन करा. ठेवी घेऊन पसार झालेल्यांविरुद्ध पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जाता येते, राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा 1999 पासून लागू आहे. नोंदणी नसलेल्या ‘सल्लागारा’विरुद्ध मात्र स्कोअर्सचा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही. नोंदणी तपासण्याचे खरे कारण हेच.

सगळ्यांनाच सल्लागार लागतो का?

नाही. कंत्राटी कामगाराच्या पगारात आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, साधा टर्म विमा, आरोग्य विमा आणि पीएफच्या खात्यात बरोबर नाव व वारस, इतके झाले तरी पुष्कळ. त्यासाठी फी देण्याची गरज नाही. मोठी रक्कम येणार असेल, तर मात्र ती येण्याच्या दोन-तीन महिने आधीच शोध सुरू करा. सल्लागार पक्का होईपर्यंत आलेली रक्कम तीन-चार चांगल्या बँकांत छोट्या मुदतीच्या ठेवींत विभागून ठेवा. घाई विकणाऱ्याला असते, तुम्हाला असण्याचे कारण नाही.