फुंकणी मोठी की चूल मजबूत?

गेल्या महिन्यात रोह्याला एका घरी जाणं झालं. चहा घेता घेता घरातल्या ताईंनी विषय काढला. "भाऊ, आमचा धाकटा पेणला गॅरेजात कामाला आहे. त्यानं नि त्याच्या मित्रानं मिळून एक जुनी गाडी घेतली. आता म्हणतो, तिला चारशे हॉर्सपॉवरची करायची, शर्यतीत उतरवायची. त्यासाठी बचत गटातून कर्ज काढून दे म्हणतो. हे चारशे हॉर्सपॉवर म्हणजे काय, ते एकदा मला समजेल असं सांगा. मग मी सही करायची की नाही ते ठरवीन."

पोरगा दारातच उभा होता. हातात कागद, त्यावर सामानाची यादी. यादीत पहिलं नाव होतं मोठ्या टर्बोचं. मी म्हटलं, "अरे, तू वरून खाली लिहिलंस. ही यादी खालून वर वाचायची असते."

ताई विचारतात ते आपल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी विचारीत असेल. गॅरेजात राबणारी आपली पोरं आता नुसतं ऑईल बदलून थांबत नाहीत, त्यांना इंजिन वाढवायचं असतं. म्हणून हा लेख.

चुलीला फुंकणीनं वारा घातला की जाळ वाढतो, हे कोणत्याही आईला शिकवावं लागत नाही. इंजिनाचंही तेच आहे. पेट्रोल कितीही ओता, हवा पुरेशी नसेल तर ते जळणार कसं? १ किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. टर्बो म्हणजे फुंकणीच, फक्त ती फुंकायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूरच एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात. ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची, त्याचं पेटंट १९०५ सालचं. विकत घेता येणाऱ्या मोटारीत ती आली १९६२ साली, अमेरिकेत.

आता या पोराची गाडी. स्कोडा ऑक्टेव्हिया, १.८ लिटरची टर्बो. परदेशी नाव असलं तरी गाडी आपल्याच मातीतली म्हणायची, कारण २००१ सालापासून तिची जुळणी औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या वसाहतीत होत होती. कंपनीतून निघाली तेव्हा ताकद १५० हॉर्सपॉवर. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि क्रँक घडीव, त्यामुळे हे इंजिन वाढवणाऱ्यांच्या फार आवडीचं. पोरानं गाडी चुकीची निवडलेली नाही, हे मी ताईंना आधीच सांगून टाकलं.

पण चारशेचा हिशेब काय होतो? १०० हॉर्सपॉवरला मिनिटाला सुमारे साडेचार किलो हवा लागते, म्हणजे चारशेला अठरा किलो. मूळचा छोटा टर्बो एवढी हवा देऊच शकत नाही, म्हणून पोराच्या यादीत मोठा टर्बो पहिला. बरोबर आहे. पण ती हवा आत गेल्यावर पुढे काय काय मोडतं, ते यादीत कुठेच नव्हतं.

पहिलं म्हणजे उष्णता. सायकलला पंप मारताना पंपाचं खालचं टोक तापतं ना? ३० अंशांची हवा दुप्पट दाबली की टर्बोतून निघताना ती सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. एवढी तापलेली हवा आत गेली की पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट पाहत नाही, आपसूक पेटतं. इंजिन 'नॉक' मारतं म्हणतात ते हेच. पिस्टनच्या डोक्यावर घण बसतो. हवा गार करायला इंटरकूलर असतो. या गाडीत तो पुढच्या चाकाजवळ कोपऱ्यात लपवलेला, छोटासा. वैशाखात वडखळच्या नाक्यावर गाडी वाहतुकीत अडकली की त्याला वाराच मिळत नाही. म्हणून मोठा इंटरकूलर पुढे, वाऱ्याच्या तोंडावर बसवायचा. माझ्या यादीत तो टर्बोच्या कितीतरी आधी येतो.

दुसरं पेट्रोल. हवा वाढवली आणि पेट्रोल तेवढंच ठेवलं, तर जाळ कोरडा होतो आणि पिस्टन वितळतो. मूळचे इंजेक्टर मिनिटाला तीनशे-सव्वातीनशे घनसेंटिमीटर पेट्रोल सोडणारे. चारशे हॉर्सपॉवरला प्रत्येकी सहाशे ते साडेसातशे लागणार, शिवाय टाकीतला पंपही तेवढ्या ताकदीचा हवा. आणि हे सगळं हाकणारा जो छोटा संगणक आहे, त्यात नवे आकडे भरावे लागतात. त्यालाच ही पोरं 'ट्यूनिंग' म्हणतात. माझं स्पष्ट मत विचाराल तर ज्याला डायनोवर गाडी चढवून, कान आणि डोळे उघडे ठेवून आकडे भरता येतात, त्याचे पैसे आधी बाजूला काढावेत. कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून उचललेली फाईल आपल्या इंजिनात भरू नये.

तिसरं, चुलीचे धोंडे. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत. ते इंजिन उघडणाऱ्यांचा अनुभव असा, की ओढ ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास गेली की रॉड वाकायला लागतात. कंपनीतून मिळणारी ओढ होती २१०. त्यातही मोठा टर्बो कमी फेऱ्यांवर एकदम जोर देऊ लागला तर धोका जास्त. म्हणून चारशेला जायचं तर घडीव रॉड, घडीव पिस्टन, म्हणजे इंजिन पूर्ण उतरवणं आलं. पुढे क्लच आला, गिअरबॉक्स आला. शिवाय ही गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. चारशे हॉर्सपॉवर दोन चाकांवर सोडली तर पहिल्या-दुसऱ्या गिअरला चाकं जागच्या जागी फिरणार आणि टायर जळणार! आणि ब्रेक? नागोठण्याहून रोह्याला येताना भिसे खिंडीत उतारावर गाडी किती जोरात पळते याला महत्त्व नसतं, ती थांबते का हे बघायचं असतं.

इथे मला माझीच गोष्ट सांगायला हवी. उमेदीच्या काळात मी ट्रकची इंजिनं उघडायचो. एका ट्रकमालकानं सांगितलं, घाट चढताना गाडी दम खाते, डिझेल पंप वाढवून दे. मी वाढवून दिला. आठ दिवस मालक खूश होता, मला शंभर रुपये वर दिले. नवव्या दिवशी भरल्या ट्रकसह घाटात इंजिन बसलं. उघडलं तर एका पिस्टनचं डोकं मेणासारखं वितळलेलं. डिझेल वाढवलं, पण टर्बोची हवा नि थंडावा मी पाहिलाच नव्हता. मालकाचा महिनाभराचा धंदा बुडाला. दोष त्याचा नव्हता, माझा होता. ते पैसे मी दोन वर्षं फेडत होतो.

पोरानं हे ऐकलं आणि विचारलं, "मग काका, करायचंच नाही का?"

तसं मी म्हटलं नाही. त्याला पायऱ्या सांगितल्या. मूळ टर्बो ठेवून, इंटरकूलर सुधारून, आकडे नीट भरून हीच गाडी १८० ते १९० पर्यंत जाते. याच घराण्यातला थोडा मोठा टर्बो बसवला, इंजेक्टर बदलले, तर सव्वादोनशेच्या आसपास, तेही रॉडला हात न लावता. त्याच्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे इंजिन पूर्ण खोलणं. तिथे खर्च पायरीनं वाढत नाही, उडी मारतो.

आणखी दोन गोष्टी ताईंसमोर मुद्दाम बोललो. एक कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनमानीनं करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. या गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली, म्हणजे फेरनोंदणीला तिला पेणच्या आर.टी.ओ.समोर उभं राहायचंच आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघणार. शर्यतीची गाडी शर्यतीच्या मैदानावरच पळवावी. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या काही वर्षांत चारशे मीटरच्या सरळ शर्यती झाल्या. कायमचे ट्रॅक कोइमतूर आणि चेन्नईकडे आहेत. मुंबई-गोवा हायवे हा ट्रॅक नव्हे.

दुसरी पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल नॉक अडवतं, ते टर्बोला चांगलंच. पण त्यात जळण्याची ताकद पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून इंधन जास्त सोडावं लागतं. आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी पाईप नि सीलं त्यासाठी बनवलेली नाहीत, ती आधी बदलायची. हा खर्चही यादीत नव्हता.

ताईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न केला, "पहिला रुपया कशावर घालायचा?"

मी म्हटलं, काहीही विकत घ्यायच्या आधी चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले तर पुढचं बोलू. इंजिन आधीच थकलेलं असेल तर मोठी फुंकणी लावून काय उपयोग?

दोन आठवड्यांनी पोराचा फोन आला. तीन सिलेंडर ठीक होते, तिसऱ्या नंबरचं खूपच खाली. मोठ्या टर्बोचं नाव त्यानं यादीतून खोडलं नव्हतं, पण ते आता शेवटच्या ओळीवर होतं. ताईंनी गटातून कर्ज काढलं नाही. स्वतःच्या साठवणीतले थोडे पैसे दिले, तेवढ्यात हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेता येणार होते. "काका, रविवारी हेड उतरवतोय, याल का?" असं त्यानं विचारलं. मी पेणला गेलो होतो.