जोश गिब्सन : न लिहिलेला नियम आणि उशिरा लागलेली नोंद

अमेरिकेतील बेसबॉलच्या मेजर लीगच्या नियमावलीत ‘काळ्या खेळाडूला घेऊ नये’ असे कुठेही लिहिलेले नव्हते. तरीही १८८४ नंतर थेट १९४७ पर्यंत कृष्णवर्णीयांसाठी तिचे दार बंद राहिले. संघमालकांचे आपसांत ठरलेले होते. अलिखित नियम किती कडक असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

जोश गिब्सन यांची सगळी कारकीर्द या बंद दाराबाहेर गेली. जन्म २१ डिसेंबर १९११, जॉर्जिया राज्यातला. वडिलांना पोलाद कारखान्यात काम मिळाले, म्हणून कुटुंब पिट्सबर्गला आले. १९३० साली बाळंतपणात पत्नी हेलन वारली. मागे जुळी मुले राहिली. त्याच वर्षी, अवघ्या अठराव्या वर्षी, गिब्सन ‘होमस्टेड ग्रेज’ या कृष्णवर्णीयांच्या नामांकित संघातून खेळू लागले. ते कॅचर होते, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे. पण त्यांचे नाव झाले ते लांबच लांब फटक्यांमुळे.

पुढे ग्रेज संघ वॉशिंग्टनचे ग्रिफिथ स्टेडियम भाड्याने घेऊन खेळू लागला. ते मैदान मेजर लीगमधल्या गोऱ्या संघाचे. त्या संघाला काळ्यांकडून आलेले भाडे चालत होते, काळा खेळाडू मात्र चालत नव्हता.

२० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, गिब्सन गेले. तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरले. गिब्सन यांच्या कबरीवर मात्र कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. १९७२ साली त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

कृष्णवर्णीयांच्या लीगचे आकडे मेजर लीगच्या दप्तरात नव्हते. संशोधकांनी ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशा कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतून सामन्यामागून सामना शोधून काढला. २०२४ साली हे आकडे अधिकृत नोंदीत आले आणि .३७२ या फलंदाजीच्या सरासरीने गिब्सन टाय कॉब यांना मागे टाकून सर्वकालीन यादीत पहिले आले. मृत्यूनंतर ७७ वर्षांनी!

१९४६ हा गिब्सन यांचा अखेरचा मोसम. त्याच वर्षी बाबासाहेबांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील निग्रोंच्या स्थितीत किती साम्य आहे, ते मांडले होते.

आम्हाला यातून एक काम दिसते. आपल्या लोकांनी तेव्हा बातमी छापली, म्हणून गिब्सन यांचा हक्क पुढे सिद्ध करता आला. आपल्या वस्तीतल्या जुन्या पैलवानांची, कबड्डीपटूंची, शाहिरांची नोंद कुणाकडे आहे? फोटो, कात्रणे, आठवणी आजच जमवू या. सांगणारी माणसे अजून आहेत, तोवरच.