जहाजाचा पत्रा कुठल्या देशाचा चांगला?

दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट आपण रोज बघतो. ती 2003 सालापासून चालू आहे. गाड्या, माणसे, सगळे तिच्यात मावते. ती पोलादी पत्र्याची आहे. पत्रे एकमेकांना वेल्डिंगने जोडतात. खाऱ्या पाण्याने पत्रा गंजतो, म्हणून अशा बोटी ठरावीक काळाने पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी मोजतात. पातळ झालेला पत्रा कापून तिथे नवा लावतात.

माझे काका वेल्डर आहेत. मी त्यांना विचारलं, "काका, जपानचा पत्रा चांगला की चीनचा की आपला?" काका हसले. म्हणाले, "आधी पत्रा जोडताना काय होतं ते समजून घे."

पोलादात लोखंड असते आणि थोडा कार्बन असतो. कार्बन जास्त झाला की पोलाद कडक होते. लोहार कोयता लाल करून पाण्यात बुडवतो, तेव्हा तो कडक होतो ना? तसेच वेल्डिंगच्या बाजूला होते. तिथला भाग तापतो आणि बाजूचा थंड पत्रा त्याची उष्णता पटकन ओढून घेतो. कार्बन जास्त असेल तर तो भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि तडकतो. कोयता कडक हवा, पण बोटीचा पत्रा लाटेबरोबर थोडा वाकणारा हवा.

म्हणून जहाजाच्या साध्या पत्र्यात कार्बन 0.21 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे 100 किलो पत्र्यात फार तर 210 ग्रॅम. गंधक आणि फॉस्फरस तर त्याहून कमी लागतात.

पत्र्याला ए, बी, डी, ई अशा प्रती असतात. बी प्रतीचा तुकडा शून्य अंशाला, डी प्रतीचा उणे 20 अंशाला आणि ई प्रतीचा उणे 40 अंशाला थंड करून हातोड्याने तोडून बघतात. याचे कारण गुरुजींनी सांगितले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने वेल्डिंगची जहाजे बांधली. थंडीत त्यांचे पोलाद ठिसूळ होई. जानेवारी 1943 मध्ये स्केनेक्टडी नावाचे तेलाचे जहाज धक्क्याला उभे असतानाच मधोमध दुभंगले!

आता देशांचे बघू. जपान आणि कोरियाचे कारखाने पत्रा लाटताना तो हिशेबाने थंड करतात. त्यामुळे कार्बन कमी ठेवूनही तो मजबूत होतो आणि जोडायला सोपा जातो. चीन जगातले निम्म्याहून जास्त पोलाद बनवतो, म्हणून त्याचा भाव बरेचदा कमी असतो. आपल्याकडे भिलाई आणि राउरकेला इथे जहाजाचे पत्रे होतात. त्यांना परदेशातून आणण्याचे भाडे पडत नाही. युद्धनौकेचे खास पोलाद आपण पूर्वी रशियाकडून घेत होतो. नंतर ते आपल्या देशातच तयार झाले. 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात आलेली विक्रांत त्याच पोलादाची आहे.

पण काका म्हणतात, देशापेक्षा कागद बघावा. प्रत्येक चांगल्या पत्र्यावर नंबर कोरलेला असतो. तोच नंबर तपासणीच्या कागदावर असतो. इंडियन रजिस्टर किंवा लॉइड्स रजिस्टर अशा संस्थेचा शिक्का असतो. शिक्का खरा असेल तर कुठल्याही देशाचा पत्रा त्याच नियमात बसलेला असतो.

मागे एका मालकाने आपल्या बार्जसाठी कागद नसलेला पत्रा आणला. स्वस्त होता. आपण हिशेब करू. 8 मिलिमीटर जाडीच्या 1 चौरस मीटर पत्र्याचे वजन सुमारे 63 किलो होते. समजा किलोमागे 5 रुपये वाचले, तर 315 रुपये वाचले. 10 चौरस मीटरला 3,150 रुपये. काकांनी रॉड भट्टीत सुकवून घेतले होते, कारण पावसाळ्यात दमट रॉडनेही जोड तडकतो. तरी सकाळी बघतात तर जोडाच्या कडेने केसाएवढी चीर! सगळे कापून, घासून, नवा पत्रा लावावा लागला. बार्ज चार दिवस उभी राहिली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला.

दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे पैसे काकांना मिळाले नाहीत. त्या वर्षी गणपतीत आम्हाला नवे कपडे झाले नाहीत. मला वाईट वाटलं. पण काका म्हणाले, "कपडे पुढच्या वर्षी होतील. ती चीर मला दिसली नसती, तर माणसं पाण्यात गेली असती."

म्हणून आलेल्या सर्व पालकांना माझी विनंती आहे. लोखंडी बोटीचे काम निघाले तर भाव विचाराच, पण आधी पत्र्याचा नंबर आणि कागद बघा.

— इयत्ता चौथी