वाऱ्याविरुद्ध होडी कशी जाते?

२०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथला मी. शिडाची डिंगी शिकलो हैदराबादला, कुतुबशाहीत बांध घालून केलेल्या हुसेन सागर तलावात.

आधी लाइफ जॅकेट. होडीचं नाक वाऱ्याकडे ठेवूनच ती पाण्यात सोडायची, म्हणजे शीड नुसतं फडफडतं. मग सुकाणू लावून मधली फळी खाली करायची. तीच होडीला आडवं घसरू देत नाही. थेट वाऱ्यावर जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी जायचं.

जोराचा झोत आला, होडी कलली? शिडाची दोरी सोडा. शीड रिकामं होतं, होडी सरळ होते. म्हणून दोरी हातातच ठेवायची, बांधायची नाही!