ताडकळसच्या रेशनमध्ये ज्वारी का नाही?

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या शिवारात ज्वारी पिकते, रेशनच्या पिशवीत मात्र बहुधा गहू-तांदूळच येतात. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, तर अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023पासून तेही मोफत. पोट भरते. पण डाळ, पालेभाजी, अंडी विकतच घ्यायची, आणि मजुरी बुडाली की आधी त्यांनाच कात्री लागते; मग ठेचा-भाकरीवर भागवायचे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 2018मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. रेशनमध्ये खरे तर हीच ज्वारी हवी. ती मिळेपर्यंत, आहे ते धान्य घेताना ई-पॉस यंत्राची पावती मागा आणि वजन ताडून पाहा.